करंबेळकरांची व्हॅन

माझी आई कुणाचं वाईट चिंतणारी बाई नव्हे. दूध सांडणाऱ्या मांजरालासुद्धा ती "अगं, जरा बेताने" एवढंच म्हणते. अशा बाईने आयुष्यात एकदाच सूड घेतला, आणि तो इतक्या निगुतीने घेतला की पुरणपोळीसुद्धा तिने कधी इतक्या निगुतीने लाटली नसेल. मी तेव्हा नववीत होते आणि हा सगळा प्रयोग पहिल्या रांगेत बसून पाहिला, म्हणून तो सांगायचा हक्क माझा. बाबा सांगणार नाहीत. हा विषय निघाला की ते अजूनही चष्मा पुसायला लागतात.

आम्ही गाझियाबादला राजनगरमध्ये राहत होतो. बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात होते. सकाळी चार्टर्ड बसने दिल्लीला जायचे आणि संध्याकाळी अंगाला डिझेलचा वास घेऊन परत यायचे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी आणि भांडण मात्र दोन्हीत, असा आमचा कारभार होता. शेजारी एकीकडे पंजाबी, दुसरीकडे बंगाली, वरच्या मजल्यावर पहाडी. मराठी घरं अशी पेरल्यासारखी लांब लांब, त्यामुळे मराठी माणूस दिसला की आई त्याला चहा पाजल्याशिवाय सोडत नसे, मग तो कसाही असो. त्या "कसाही"मध्ये करंबेळकर साहेब बसत. मधुकर करंबेळकर हे बाबांचे ऑफिसातले वरिष्ठ आणि आमच्या मराठी मंडळाचे न उतरणारे अध्यक्ष. इस्त्रीचा सफारी, गळ्यात दाटून आलेला आवाज, आणि कुठल्याही वाक्याची सुरुवात "आपण महाराष्ट्राची माणसं" अशी. आपण महाराष्ट्राची माणसं, म्हणून सतरंज्या पाटणकरांनी उचलाव्यात. आपण महाराष्ट्राची माणसं, म्हणून दोनशे माणसांचा मसालेभात पाटणकर वहिनींनी करावा. पाटणकर म्हणजे आम्ही.

या साहेबांना नवी गाडी घ्यायची होती, म्हणून त्यांनी आपली जुनी व्हॅन बाबांना विकली. विकली हा शब्द मी वापरते आहे. त्यांनी तिचं कन्यादान केलं. बॉनेट नसलेल्या त्या पांढऱ्या डब्यावर हात ठेवून ते म्हणाले, "पाटणकर, बाहेर मला दुप्पट किमतीचं गिऱ्हाईक होतं. पण म्हटलं, घरची मुलगी घरातच राहू दे. पाण्याचा एक थेंब गळत नाही, बघा." आणि खरंच, त्या दिवशी एक थेंबही गळत नव्हता. बाबा खाली वाकले, आईने ओवाळलं, मी पेढा खाल्ला. आता विचार करते तेव्हा वाटतं, गाडी विकताना कुणी न विचारता पाण्याची गोष्ट का काढेल? पण आम्ही भाबडे. आपण महाराष्ट्राची माणसं.

पंधरवड्यातच तिने रंग दाखवला. रंग हिरवा होता. सकाळी गाडी हलवली की खाली फरशीवर हिरवट पाण्याचं थारोळं दिसायचं, आणि त्याला एक गोडसर, औषधी वास असायचा. त्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली. म्हणजे चालवणारा माणूस शब्दशः चुलीवर बसलेला. पाणी कमी झालं की आधी बुडाला कळायचं, मग तापमानाच्या काट्याला. बाबा रस्त्याच्या कडेला गाडी घ्यायचे, सीट उलटी करायचे, टॉवेलची जाड घडी रेडिएटरच्या झाकणावर ठेवायचे आणि "मागे व्हा, मागे व्हा!" असं ओरडत मान वळवून ते झाकण फिरवायचे. फुस्स! अख्खी व्हॅन वाफेत गडप. मग मी आणि आई जवळच्या ढाब्यावरून, पंक्चरवाल्याकडून, एकदा तर गुरुद्वाराच्या नळावरून पाणी आणायचो. लोकांच्या गाड्यांमध्ये देवाची तसबीर असते, आमच्या गाडीत पाण्याचे कॅन असायचे. मिस्त्री बदलले. एकाने पाइपाचा क्लॅम्प बदलला, दुसऱ्याने पाइप बदलला, तिसऱ्याने रेडिएटर उतरवून त्याला टाका मारून दिला आणि जाताना "अब दस साल देखना नहीं" असा आशीर्वादही दिला. आठवड्याने थारोळं पुन्हा हजर.

आईने त्या व्हॅनचं नाव "साहेब" ठेवलं. "साहेबांना पाणी पाजलंत का?" "साहेब आज फार गळतायत." "साहेबांचं तोंड एवढ्यात उघडू नका, वाफ लागेल." बाबा कावरेबावरे व्हायचे, दाराकडे बघायचे, "अगं, हळू" म्हणायचे. मला मात्र पोट धरून हसू यायचं. आई तेव्हा अजून चिडली नव्हती. ती नुसती बोलून घेत होती.

चिडली ती मामाच्या लग्नात. लग्नात म्हणजे, लग्नात नव्हे, तेच तर.

आईला एकच भाऊ, तिच्यापेक्षा बराच लहान, तिच्या कडेवर वाढलेला. तिचं माहेर चाळीसगावचं. त्याचं लग्न ठरलं तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता. आई मानाची करवली. नवऱ्यामुलाच्या मागे हातात दिवा घेऊन उभी राहणार, त्याच्या डोळ्यांत काजळ घालणार, उष्टी हळद घेऊन मुलीकडे जाणार. तिने अंजिरी रंगाची पैठणी काढून तिला गच्चीवर ऊन दाखवलं. बेसन भाजण्याचा वास आठवडाभर घरातून हलला नाही. रव्याचे लाडू, बेसनाचे लाडू, चिरोटे, सगळं डब्यांत भरून, वर फडकी बांधून तयार. एप्रिल संपत आला होता आणि सुट्ट्यांमुळे गाड्या तुडुंब. मोठ्या मुश्किलीने तिकिटं मिळालेली. आम्ही हाताशी भरपूर वेळ ठेवून दुपारी निघालो. तिकडे मेट्रोचे खांब उभे राहत होते, शाहदऱ्यापासून रस्ता खणून ठेवलेला, आणि गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या. मोहननगरच्या चौकातली कोंडी गेली, शाहदरा गेलं, सीलमपूर गेलं. यमुनेच्या पुलावर, अगदी मधोमध, साहेबांनी उसासा टाकला. काटा लाल रेघेच्या पार. बाबांनी कॅनमधलं सगळं पाणी ओतलं. ते एका बाजूने आत जात होतं आणि दुसऱ्या बाजूने वाफ होऊन बाहेर येत होतं. मागे हॉर्नचा कल्लोळ. एक ट्रकवाला खाली उतरून आला आणि बाबांना म्हणाला, "भाईसाब, इसे यमुना जी में ही छोड़ दो." रिक्षा मिळेना, कारण पुलावर कुणी थांबेना. शेवटी व्हॅन तिथेच कठड्याला लावून, डबे डोक्यावर घेऊन आम्ही पूल पायी पार केला, पलीकडे एक टेम्पो मिळाला, आणि स्टेशनात शिरलो तेव्हा फलाटावर फक्त हमाल बसले होते.

पुढची गाडी पोचेपर्यंत अक्षता पडून गेल्या असत्या, शिवाय तिच्यात पाय ठेवायला जागा नव्हती. आई फलाटावरच्या बाकावर बसली. रडली नाही. तिने पैठणीच्या पिशवीची गाठ घट्ट केली आणि म्हणाली, "चला घरी." मामाच्या लग्नाच्या फोटोंत नवऱ्याच्या मागे दिवा घेऊन आईची चुलतबहीण उभी आहे, दात काढून हसते आहे. तो फोटो अजूनही आमच्याकडे आहे. आई आजही तो पाहताना त्या बहिणीच्या तोंडावर अंगठा ठेवते. आम्ही घरी बसून लग्नाचे लाडू महिनाभर खाल्ले. त्यांच्याइतके बेचव लाडू मी पुन्हा कधी खाल्ले नाहीत, आणि त्यांच्यात काहीही कमी नव्हतं.

इतकं होऊनही कदाचित ती विसरली असती. पण करंबेळकर साहेबांना विनोदाची हौस. गणपतीत मंडळाच्या मंचावर, हातात माईक, समोर सगळी मराठी घरं सहकुटुंब बसलेली, आणि साहेब म्हणतात, "आमचे पाटणकर म्हणतात, गाडी तापली. अहो, तापणार नाही तर काय? वहिनींनी लाडूच इतके भरले होते! माझ्याकडे होती तोवर कधी तापली नाही. गाडी हलकी चालते, लाडू जड असतात!" हशा, टाळ्या. आई पहिल्या रांगेत बसली होती, मांडीवर आरतीचं तबक. तीसुद्धा हसली. मी तिच्या शेजारी होते, म्हणून मला दिसलं की तबकातल्या निरांजनाची ज्योत थरथरते आहे. त्या दिवसानंतर महिनोन्महिने, बाजारात म्हणा, बसस्टॉपवर म्हणा, कुणी मराठी माणूस भेटला की पहिला प्रश्न: "काय वहिनी, लाडवांचं वजन कमी केलं की नाही?" चूक गाडीची, विकणारा मोकळा, आणि भावाचं लग्न हुकलेली बाई अख्ख्या मंडळात हास्याचा विषय. हे तिला लागलं. तिला त्याच मंडळासमोर, त्याच माणसाच्या तोंडून खरं वदवून घ्यायचं होतं. आणि खरं काय ते तिला अजून ठाऊक नव्हतं.

ते सांगितलं बिल्लू मिस्त्रीने. हा आमचा चौथा मिस्त्री. मेरठ रोडवर त्याची टपरी. वल्ली माणूस, लबाड, बडबड्या, प्रत्येक गाडीला आधी शिव्या द्यायचा आणि मग पाना उचलायचा. आई आणि मी समोर स्टुलांवर बसलो होतो. त्याने रेडिएटर उतरवला, उलटा करून ठोकला, आणि आतून पिवळ्या चिखलाचे गोळे पडले. बिल्लूने एक गोळा बोटावर घेतला, हुंगला आणि मोठ्याने हसायला लागला. "भाभीजी! इसमें तो किसी ने दाल चढ़ा रखी है!"

आईने पण हुंगलं. ती हळद होती.

बिल्लूने मग मोठ्या कौतुकाने आम्हाला ही विद्या समजावून दिली. गळक्या रेडिएटरमध्ये हळद टाकली की ती फुगून भेगेत जाऊन बसते आणि काही दिवस गळती थांबते. लांबच्या वाटेवर अडकलेले ड्रायव्हर चिमूटभर टाकून वेळ मारून नेतात. पण इथे चिमूट नव्हती. इथे डबा रिता केला होता. त्याने नळ्याच बुजल्या, पाणी फिरेना, म्हणून गाडी तापायची. आणि ती तापली की दाबाने दुसरीकडून फुटायची. "बेचने वाला पक्का उस्ताद था," बिल्लू म्हणाला, "मिल जाए तो मैं चाय पिलाऊँ."

आईने पदराच्या टोकात ती थोडी पिवळी माती बांधून घेतली. घरी आल्यावर तिने हळदीचा डबा उघडून त्याचा वास घेतला, मग पदराचा वास घेतला, पुन्हा डब्याचा. आमच्या मंडळात दर वर्षी सांगलीहून हळदीचं पोतं यायचं आणि घराघरांत वाटलं जायचं, कारण दिल्लीची हळद ही हळद नव्हे असं सगळ्या बायकांचं ठाम मत. "हळद हीच आहे," आई म्हणाली. पण कूलंटमध्ये, म्हणजे त्या हिरव्या पाण्यात, उकळून उकळून मेलेल्या हळदीचं गाव वासावरून ओळखता येतं का, हे मला आजही कळलेलं नाही. म्हणजे पुरावा नव्हता. संशय होता, आणि आईचं नाक होतं.

बाबांनी हात जोडले. "साहेबांकडे माझा सी.आर. आहे. यंदा प्रमोशनचं वर्ष. त्यांना काही बोलू नकोस, प्लीज." ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: सी.आर. म्हणजे वरिष्ठाने वर्षाकाठी लिहायचा गोपनीय शेरा, आणि सरकारी घरांत तेव्हा लोक देवापेक्षा त्याला जास्त भीत. आई म्हणाली, "मी कशाला काही बोलू? चारचौघींत वाकडा शब्द काढणार नाही. तुमचं नाव तेवढं घेईन." बाबा खूश झाले. बाबांना वाटलं, ती पतिव्रता आहे.

संक्रांत आली. मंडळाचं हळदीकुंकू दर वर्षी करंबेळकरांच्या घरी व्हायचं. त्यांचं सरकारी क्वार्टर ऐसपैस होतं. बाहेर धुकं इतकं की फाटकावरचा दिवा नुसता डागासारखा दिसत होता. बायका काळ्या साड्या नेसून आल्या होत्या, आणि त्यावर दिल्लीच्या थंडीने लादलेली स्वेटरं, शाली, एकीच्या अंगावर तर नवऱ्याचा कोट. दिवाणखान्यात सतरंजीवर बायका, मधल्या दाराच्या पलीकडच्या खोलीत हीटरभोवती माकडटोप्या घातलेले नवरे, शेंगदाणे खात. दार उघडंच, कारण चहा तिकडून इकडे यायचा. करंबेळकर काकू, साहेबांची बायको, तिळगूळ वाटत होत्या. या काकू बोलायच्या कमी. जाड चष्मा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि दर वर्षी तोच उखाणा, तुळशीचा. हळदीकुंकू झालं, अत्तर लावून झालं, आणि मग नेहमीप्रमाणे "नाव घ्या, नाव घ्या" सुरू झालं. चांदीचं ताट झालं, महादेवाची पिंड झाली, हिमालय झाला. मग कुणीतरी खोडसाळपणे म्हणालं, "पाटणकर वहिनी, लाडवांवर घ्या!" आतून साहेबांचं गडगडाटी हसू ऐकू आलं.

आई उठून उभी राहिली. एरवी बसूनच उखाणा घेतात. तिने शाल काढून माझ्याकडे दिली, पदर खांद्यावरून घेतला आणि मधल्या दाराकडे तोंड करून, अगदी सुरात, एकेक शब्द सुटा करून म्हणाली:

"वरणाला चिमूटभर, लोणच्याला मूठभर, रेडिएटरला हळद लागते डबाभर;
विनायकरावांचं नाव घेते, साहेबांच्या हातची चव लक्षात राहील जन्मभर!"

आधी सवयीने टाळ्या पडल्या. मग टाळ्यांच्या मध्येच एकेकीच्या डोक्यात उजेड पडत गेला आणि टाळ्या विझत गेल्या. पलीकडच्या खोलीत बाबांना शेंगदाण्याचा ठसका लागला. साहेबांचा आवाज आला, "हॅ हॅ, वहिनी, हे काय नवीन? रेडिएटर, हळद... मला तर यातलं काही..."

"बिल्लू मिस्त्रीने काढून दाखवली ना," आई गोड आवाजात म्हणाली. "मी म्हटलं, नाव घेताना खोटं कशाला बोला. सणाचा दिवस."

साहेब नाही म्हणाले असते तर संपलं होतं. पदरातली पिवळी माती हा काय पुरावा? त्यांनी उलट हसून पुन्हा लाडू काढले असते, बाबांचं प्रमोशन गेलं असतं आणि आई जन्मभराची वेडी ठरली असती. साहेब दारात येऊन उभे राहिले. चेहऱ्यावर हसू होतं, पण ते शिवून घेतल्यासारखं. "आपण महाराष्ट्राची माणसं," त्यांनी सुरुवात केली.

आणि ताटाचा आवाज झाला. करंबेळकर काकूंनी तिळगुळाचं ताट खाली ठेवलं होतं. ठेवलं कसलं, आदळलं. "थांबा," त्या म्हणाल्या. "माझं नाव घ्यायचं राहिलंय." चष्मा वर सरकवला, नवऱ्याकडे पाहिलं, आणि ज्या बाईने इतक्या वर्षांत तुळशीपलीकडे पाऊल टाकलं नव्हतं, ती म्हणाली:

"डबा सापडला रिकामा, राजवतीला दिला दोष;
मधुकररावांची करणी आज कळली, आता बघा माझा रोष!"

राजवती ही त्यांच्याकडे कितीतरी वर्षं काम करणारी बाई. गाडी विकली त्याच महिन्यात काकूंच्या डब्यातली सांगलीची हळद एका रात्रीत नाहीशी झाली होती, काकूंनी राजवतीवर आळ घेतला होता, आणि राजवती रडत शपथा घेत काम सोडून गेली होती. त्या दिवसापासून काकू स्वतः भांडी घासत होत्या, दिल्लीच्या थंडीत, बर्फासारख्या पाण्यात. आणि साहेब समोर बसून पेपर वाचत होते. सगळं ठाऊक असून!

"अगं, ऐक तरी," साहेब म्हणाले.

"मी ऐकू? भांडी घासताना 'हात फुटले गं बाई' म्हटलं, तर तुम्ही मला व्हॅसलीन आणून दिलंत. व्हॅसलीन! हळद कुठे गेली ते नाही सांगितलंत." काकू आईकडे वळल्या. "आणि वहिनी, तुमच्या लाडवांना हे हसले होते ना मंचावरून? मीही हसले होते. आता बघते."

तो प्रसंग आठवला की मला आजही अंगभर गुदगुल्या होतात. सूड म्हणजे काहीतरी काळंकुट्ट, दात-ओठ खाऊन करायचं काम, असं लोक म्हणतात. छे! सूड म्हणजे गरम गुळाची पोळी, वर तूप. मी काल हे लिहिताना मोठ्याने हसत होते, तर माझा मुलगा आत येऊन विचारतो, काय झालं. त्याच्या गाडीत कूलंट कमी झालं तर पडद्यावर अक्षरं उमटतात आणि कंपनीचा माणूस फोन करतो. त्याला काय सांगू? त्याच्या गाडीने त्याला शत्रूच दिला नाही.

दुसऱ्या दिवशी काकू स्वतः राजवतीच्या वस्तीवर गेल्या, तिचे हात धरून माफी मागितली. राजवती परत आली, पण एका अटीवर: साहब के कपड़े नहीं धोऊँगी. साहेबांचे सफारी तेव्हापासून साहेबच धुवायचे. बाबांचा सी.आर. "अत्युत्कृष्ट" आला, काकूंनी तो वाचून दाखवायला लावल्याशिवाय जेवायला वाढलं नाही, असं मंडळात सगळे म्हणत, आणि गोपनीय शेरा गोपनीय असतो वगैरे कुणी काढलं तर बाबा चष्मा पुसायला लागत. प्रजासत्ताक दिनाच्या कार्यक्रमात साहेबांनी माईक घेतला नाही. कुणीतरी दिला, तर त्यांनी तो परत केला.

मला वाटलं, झालं. खेळ संपला. आई म्हणाली, "कसला संपला? तो खरं बोलला का? बायकोने सांगितलं. त्याने अजून तोंड उघडलेलं नाही." आणि ती मे महिन्याची वाट पाहत बसली.

मे महिन्यात मामा आणि नवी मामी पहिल्यांदा दिल्लीला येणार होते. आईने ही बातमी मुद्दाम जाऊन काकूंच्या कानावर घातली. काकूंनी तिथल्या तिथे साहेबांसाठी फर्मान काढलं: "ज्या गाडीने वहिनींना लग्नाला पोचू दिलं नाही, त्याच गाडीतून त्यांच्या भावाला आणि भावजयीला घरी आणायचं. आणि चालवायची तुम्ही." बाबांचा पाय त्या दिवशी अचानक मुरगळला, इतका सोयीस्कर मुरगळलेला पाय मी पुन्हा पाहिला नाही. बिल्लूने दुसरा रेडिएटर बसवला होता, तरी गाडी म्हातारी झाली होती. गर्दीत अडकली की काटा चढायचाच. त्यावर बिल्लूने आईला एक युक्ती सांगून ठेवली होती. जाम में फंसो तो हीटर फुल खोल दो, भाभीजी. इंजन की गरमी अंदर आ जाएगी, इंजन बच जाएगा. आदमी का क्या है.

स्टेशनवर गाडी वेळेवर आली. आई मामाच्या गळ्यात पडली, मामीच्या डोळ्यांत तिथेच फलाटावर काजळ घातलं, आणि सगळे व्हॅनमध्ये बसलो. मागच्या सीटवर आई, मामा, मामी, ओले टॉवेल, वाळ्याचे पंखे, कोकम सरबताचा थर्मास. त्याच्या मागे ट्रंकेवर मी. पुढे एकटे साहेब, चुलीवर. बाहेर लू वाहत होती, डांबर पायाला चिकटत होतं. पुलावर चढलो आणि गर्दीने गाडी जागच्या जागी उभी केली. काटा हलला.

"साहेब," आई मागून म्हणाली, "हीटर लावा."

"काय?"

"हीटर. फुल. नाहीतर इंजिन बसेल आणि मग इथून तुम्हाला डोक्यावर ट्रंक घेऊन चालावं लागेल. मला रस्ता पाठ आहे."

साहेबांनी हीटर लावला. पुढच्या जाळीतून भट्टीचा झोत त्यांच्या गुडघ्यांवर, पोटावर, तोंडावर आला. सफारीचा रंग बघता बघता गडद झाला. मामा बिचारा काहीच ठाऊक नसलेला, तो हळूच विचारतो, "ताई, हे ड्रायव्हर नवे आहेत का गं?" आई म्हणाली, "नाही रे, जुनेच आहेत. तुझ्या लग्नाला मला यांनीच सोडलं होतं." आणि मामीला पंख्याने वारा घालत राहिली.

सीलमपूर आलं. साहेबांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. घाम भुवयांवरून डोळ्यांत उतरत होता, आणि तो पुसायला स्टिअरिंगवरून हात काढता येत नव्हता. आरशात त्यांचे डोळे आईला शोधत होते. आई आरशातच बघत होती, अगदी शांत, थर्मासचं झाकण उघडत. शाहदऱ्याच्या खणलेल्या रस्त्यावर गाडी पुन्हा थांबली आणि तो दाटून आलेला आवाज एकदम कोरडा होऊन फुटला.

"वहिनी, हळद मीच घातली होती. गाडी गळते हे मला माहीत होतं. तुम्हाला लग्न मिळालं नाही ते माझ्यामुळे. लाडवांमुळे नाही. चुकलं माझं. माफ करा."

मामीने मामाकडे पाहिलं. मामाने आईकडे. आईने दीर्घ श्वास घेतला, एक ग्लास सरबत भरून पुढे साहेबांच्या हातात दिला, पदराने डोळ्यांच्या कडा टिपल्या. मला वाटलं, विरघळली. साहेबांनाही तसंच वाटलं असावं. त्यांनी सरबत एका घोटात संपवलं आणि हात हळूच हीटरच्या बटणाकडे नेला.

"राहू द्या," आई म्हणाली. "मोहननगरचा चौक अजून यायचाय."